पुढच्या दाराचा चढ

माझ्या हँडलवर वेग कमीजास्त करायची एक गोल कळ आहे. तिच्या एका टोकाला कासवाचं चित्र आहे, दुसऱ्या टोकाला सशाचं. दोन्ही चित्रं एकाच दिवशी, एकाच पांढऱ्या रंगात छापली गेली. आज ससा कालच छापल्यासारखा दिसतो आणि कासवाचे मागचे दोन पाय व शेपटी पुसून गेली आहे. नऊ वर्षांत जी माणसं माझ्यावर बसली, त्यांतल्या बहुतेकांनी आधी कळ कासवाकडे नेली आणि अंगठा तिथेच ठेवला. त्यावरून मी एक अनुमान काढलं आहे. माझ्याकडे येणारी माणसं भित्री नसतात. ती आधी एकदा पडलेली असतात, एवढंच.

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे. पण रस्त्यावर फटफटत जाणारी नव्हे. मला चार चाकं आहेत, पाठ टेकायला खुर्ची आहे, पुढे सामानाची जाळी आहे आणि मी विजेवर चालते. ज्यांना बसता येतं, बोलता येतं, हसता येतं, पण फार चालता येत नाही, त्यांच्यासाठी मला बनवलं आहे. माझा जास्तीत जास्त वेग ताशी सहा किलोमीटर. म्हणजे घाईत असलेला माणूस माझ्या पुढे निघून जातो आणि गप्पा मारत चालणारा माझ्या बरोबर राहतो. मला दुसरा जास्त आवडतो.

माझी जुळणी पुण्याजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाली. मोटर एका गावाहून आली, टायर दुसऱ्या गावाहून. शेवटचा स्क्रू बसल्यावर एका बाईंनी माझ्यावर वाळूची पोती ठेवली आणि मला उतरणीवर उभं करून ब्रेक तपासला. मी जागची हलले नाही. बाईंनी कागदावर बरोबरची खूण केली. ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी.

किहीमच्या एका नारळीच्या वाडीत राहणाऱ्या निवृत्त जहाज-अभियंत्यांनी मला विकत घेतलं. ते शिस्तीचे होते. रोज रात्री आठ तास चार्जिंग, दर रविवारी ओल्या फडक्याने अंग पुसणं, मग कोरड्या फडक्याने. समुद्राच्या वाऱ्यात मीठ असतं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण तांब्याच्या तारेला आणि लोखंडाला ते बरोबर सापडतं. साहेबांना हे ठाऊक होतं. चार वर्षं मी त्यांना बाजारात, पोस्टात आणि संध्याकाळी किनाऱ्याच्या सुरूच्या झाडांपर्यंत नेलं. ते मला लोकांपुढे "माझी बोट" म्हणत.

साहेब गेले आणि घर बंद झालं. मला मागच्या पडवीत ढकललं गेलं. माझ्या खुर्चीवर सोललेले नारळ ठेवले, मग नारळांवर जुनी मच्छरदाणी. दोन वर्षं कोणी चार्जिंगची पिन लावली नाही. बॅटरी रिकामी ठेवली की तिच्या आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरा कठीण थर चढतो, आणि मग वीज दिली तरी ती घेत नाही. उपासाने मेलेल्या पोटासारखं ते असतं. माझ्या बाबतीत तेच झालं.

मला तिथून बाहेर काढलं निकेशने. निकेशचं अलिबागला दुकान आहे. आजारी माणसांचे पलंग, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या तो भाड्याने देतो. त्याने मला टेंपोत घालून नेलं, दोन नव्या बॅटऱ्या बसवल्या, गंज खरवडला आणि निळा रंग दिला. घरातला रंग तोच उरला होता, म्हणून. तेव्हापासून मी भाड्याने जाते. कधी लग्नाला, कधी देवळाला, पण बहुतेक वेळा किहीमच्या पुढे समुद्रालगत उभ्या राहिलेल्या "सागरमेळा" नावाच्या मोठ्या रिसॉर्टमध्ये. तिथे पाळणे आहेत, घसरगुंड्या आहेत, राहायच्या खोल्या आहेत आणि मधोमध लाटांचा तलाव आहे. एक यंत्र त्या तलावात लाटा उठवतं. खरा समुद्र भिंतीपलीकडे असताना लोक तिकीट काढून या लाटांत का जातात, हे मला अजून उमगलेलं नाही. पण ते आनंदाने जातात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आता मी तुम्हाला यंदाच्या होळीच्या सुट्टीतली तीन दिवसांची गोष्ट सांगते. माझ्या नऊ वर्षांत त्या तीन दिवसांइतकी उपयोगी मी कधी पडले नाही, आणि त्यातला पहिला दिवस तर मी हमाल होते.

माणगावकडचे संघर्ष तांबे गुरुजी आपली मुलगी मानसी आणि आई धोंडूबाई यांना घेऊन सागरमेळ्यात राहायला आले होते. गुरुजींची बायको नर्स; तिला सुट्टी मिळाली नव्हती. मानसी दहावीच्या आधीच्या वर्गात. धोंडूबाई बाहत्तर वर्षांच्या, अंगाने काटक, आवाजाने खणखणीत. त्यांनी गावच्या शाळेत एकवीस वर्षं मुलांसाठी खिचडी शिजवली होती. दोन्ही गुडघ्यांतली कूर्चा झिजली होती, आणि गेल्या पावसाळ्यात त्या अंगणात पडल्यापासून घराबाहेर फारशा गेल्या नव्हत्या. गुरुजींनी मला फोनवरून ठरवलं होतं आणि आईला सांगितलं नव्हतं. ही त्यांची चूक.

निकेश मला खोलीच्या ओटीवर घेऊन उभा होता. धोंडूबाईंनी मला चाकापासून खुर्चीपर्यंत बघितलं.

"ही कोनाची?"

"तुझी, आई," गुरुजी म्हणाले. "तीन दिवस."

"मी लंगडी झाले, असं तुला कोनी सांगितलं?"

"आजी, लायसन लागत नाही," निकेश मध्ये पडला. "हा खटका असा अंगठ्यानं दाबायचा, सोडला की थांबते. वाळूत न्यायची नाही, खाऱ्या पाण्यात घालायची नाही. बाकी राणीसारखं फिरायचं."

"रानीला पाय नसतात काय रं?"

मानसीने बाजू सावरली. "आजी, बॅगा ठेवायला आणलीय गं. बाबांची कंबर धरते ना."

"मग ठेव बॅगा."

त्यामुळे पहिल्या दिवशी माझ्या खुर्चीवर दोन बॅगा, एक पाण्याचा कॅन आणि लाडवांचा डबा बसला. मानसी माझ्या एका बाजूने चालत मला चालवत होती आणि धोंडूबाई दुसऱ्या बाजूने, एक हात माझ्या हँडलवर ठेवून. तो हात सामानासाठी नव्हता. खोलीपासून जेवणघरापर्यंत तीनशे चाळीस मीटर अंतर आहे. त्या अंतरात त्या सात वेळा थांबल्या आणि प्रत्येक वेळी त्यांना एखादं झाड बघायचं होतं.

जेवण झाल्यावर त्यांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो. पलीकडे त्यांच्या वाडीतल्या वेणूबाई होत्या.

"जय भीम, धोंडूबाई. वीस मार्चची यादी करतेय. तुझं काय?"

"जय भीम. बघू."

"तीन वरीस बघूच चाललंय तुझं. परवा दुपारपर्यंत सांग गो, टेंपोत मानसं बसवायची हायत. येत असलीस तर पुढं बसवते."

"बघू म्हनलं ना."

मित्रांनो, वीस मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसं येतात. जे पाणी सगळ्यांचं होतं आणि ज्याला काही माणसांना हात लावू दिला जात नव्हता, ते पाणी एकोणीसशे सत्तावीस साली याच दिवशी बाबासाहेबांनी आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांनी ओंजळीत घेतलं. वाडीतल्या बाया दरवर्षी टेंपोने महाडच्या वेशीपर्यंत जातात आणि उरलेली वाट सगळ्यांबरोबर पायी चालतात. धोंडूबाई वयाच्या सातव्या वर्षापासून गेल्या होत्या. गेली तीन वर्षं गेल्या नव्हत्या. यादीत नाव घालावं की नाही, हे त्या "बघू" म्हणून पुढे ढकलत होत्या.

त्यामागचं कारण मला दुसऱ्या दिवशी पहाटे कळलं. दोघं झोपलेले असताना धोंडूबाई बाहेर आल्या. इकडे तिकडे पाहिलं. मग माझ्यावर बसल्या. कळ त्यांनी कासवाकडे नेली आणि अंगठा हळूच दाबला. मी निघाले. नारळींच्या मधल्या वाटेवर आम्ही एक फेरी मारली, मग दुसरी. तिसऱ्या फेरीला त्या माझ्याशी बोलू लागल्या.

"खिचडीच्या पातेल्यापरीस सोपी हायस की तू," त्या म्हणाल्या. थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "ऐक गाडे. माझा आजा तळ्यावर गेलता, त्या पहिल्या दिशी. बापानं मला बोट धरून नेली. म्हनायचा, धोंडे, हितं आपन आपल्या पायानं आलो, कुनी उचलून आनलं न्हाय. आता मी बसून जाऊ? पालखीतल्या देवावानी? लोकं म्हनतील, म्हातारीला कशाला आनली." त्यांनी अंगठा उचलला. मी थांबले. "आनि यंदा न्हाय गेले, तर परत कधी जायची न्हाय. मला म्हाईत हाय ते."

त्यांनी पुन्हा अंगठा दाबला आणि आम्ही चौथी फेरी मारली.

त्या दिवशी त्या माझ्यावर बसून फिरल्या. मानसीने ते पाहून काहीच न झाल्यासारखं तोंड केलं, फक्त बॅगा आपल्या पाठीवर घेतल्या. मुलगी शहाणी आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लाटांच्या तलावाकडे गेलो. तलावाला कमानीचं मोठं दार आहे आणि दारापुढे दोन पायऱ्या आहेत. दारावर निळ्या गणवेशातले बाळाजी नावाचे रखवालदार उभे होते. रांग चाळीसेक माणसांची होती. आम्ही जवळ गेलो तसे बाळाजी हसतमुखाने पुढे आले.

"आजी, तुम्हाला लाइनची गरज नाय. तुमच्यासाठी वेगळं दार हाय. असं मागनं या."

त्यांनी एका पाटीकडे बोट केलं. पाटीवर लिहिलं होतं: चाकाच्या खुर्चीसाठी स्वतंत्र प्रवेश, मागील बाजूने. शेजारी बाण होता.

धोंडूबाईंनी ती पाटी अक्षराला अक्षर लावून वाचली. मग दुसऱ्यांदा वाचली. त्यांचा अंगठा खटक्यावरून निघाला.

"मागनं?"

"व्हय आजी, सोपं पडतं. नुसता उतार हाय. किचनच्या बाजूनं वळलं की आलंच."

"मी मागच्या दारानं जात न्हाय."

"अहो, तुमच्या सोयीसाठीच केलंय."

"पिठाच्या गिरनीला बी आमच्यासाठी मागचं दार व्हतं," धोंडूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "गिरनीवाला बी म्हनायचा, तुमच्या सोयीसाठी. डोक्यावर पायली घेऊन मी आनि माझी आय उकिरड्यावरनं जायाचो. पुढच्या दारात पाय ठेवला तर दळन परत."

बाळाजींचा चेहरा उतरला. "आजी, तसं नाय हो हे. आमच्या मनात बी नाय तसलं काय."

"आई, खरंच तसं नाहीये," गुरुजी कानाशी येऊन म्हणाले. "हे अपंगांच्या कायद्याप्रमाणे करावंच लागतं. चांगलं आहे ते."

"तू जा मग चांगल्यातनं."

आणि धोंडूबाई माझ्यावरून उतरल्या. मला त्यांनी बदामाच्या झाडाखाली सोडलं आणि सरळ जाऊन रांगेच्या शेपटाला उभ्या राहिल्या. मानसी धावत त्यांच्या मागे गेली. गुरुजी माझ्या हँडलवर हात ठेवून उभे राहिले.

इथे मी दोन्ही बाजूंना न्याय देते. बाळाजी खोटं बोलत नव्हते. मागच्या वाटेने मी पूर्वी दुसऱ्या पाहुण्यांबरोबर गेले आहे. ती दोनशे दहा मीटर लांब आहे, उतार सौम्य आहे, आणि ज्यांनी ती आखली त्यांच्या मनात कोणाला हिणवायचं नव्हतं. पण ती भटारखान्याच्या सांडपाण्याच्या नालीवरून आणि कचऱ्याच्या डब्यांजवळून जाते, आणि पुढची वाट बारा मीटर आहे. आखणाऱ्यांनी चाकांचा विचार केला होता. चाकांवर कोण बसेल, याचा करायचा राहिला होता.

रांग सावकाश सरकत होती. धोंडूबाई बावीस मिनिटं उभ्या होत्या. उन्हात. पुढच्या माणसाने दोनदा "आजी, तुम्ही पुढं व्हा" म्हटलं आणि दोनदा त्यांनी मान हलवली. अखेर पायरी आली. पहिली पायरी त्या चढल्या. दुसऱ्या पायरीवर डावा गुडघा वाकला तो परत सरळ झालाच नाही. मानसीने कंबर धरली म्हणून त्या आपटल्या नाहीत, पण पायरीवर बसल्या. सगळी रांग थांबली.

"म्हणून तर मागचं दार असतं," कोणीतरी मागून म्हणालं.

गुरुजी आणि बाळाजी यांनी त्यांना हाताला धरून झाडाखाली आणलं आणि माझ्यावर बसवलं. मानसीने पाणी दिलं. धोंडूबाईंनी घोटभर घेतलं आणि पदराने तोंड पुसलं.

"वेनूबाईला फोन लाव," त्या म्हणाल्या. "सांगून टाक, न्हाय येत म्हनून."

"आत्ताच?" मानसीने विचारलं.

"दोन पायऱ्या चढता येत न्हाईत. मी काय महाडला जातेय."

मानसीने फोन हातात घेतला, पण लावला नाही. "रेंज नाहीये आजी," ती म्हणाली. रेंज होती. मी आधीच सांगितलं, मुलगी शहाणी आहे.

त्याच वेळी दाराशी एक ढकलगाडी आली. तिच्यावर पावाचे ट्रे, बटाट्यांची गोणी आणि बर्फाच्या दोन पेट्या होत्या. तलावाजवळच्या वड्याच्या टपरीचा हा माल. गाडीवाल्याने भिंतीला टेकवलेली एक जाड लाकडी फळी उचलली, पायऱ्यांवर टाकली, रांगेला "साइड, साइड" केलं आणि गाडी सपकन वर चढवून आत नेली. बाळाजींनी फळी पुन्हा भिंतीला लावून ठेवली.

धोंडूबाईंनी हे सगळं पाहिलं. पाण्याची बाटली मानसीला दिली, खटक्यावर अंगठा ठेवला आणि मला थेट बाळाजींपुढे नेऊन उभं केलं.

"ही फळी कशाला रं?"

"सामान चढवायला, आजी."

"पुढच्या दारानं?"

"जवळ पडतं म्हणून..." बाळाजी बोलता बोलता थांबले.

"पाव पुढनं जातो, बटाटा पुढनं जातो. मग मी काय बटाट्याच्या बी खाली?"

रांगेत हशा पिकला. बाळाजींनाही हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "आजी, फळी माणसांसाठी नाय. काय झालं तर माझी नोकरी जाईल. साहेबांना विचारावं लागंल."

"विचार. मी हाय हितंच."

बाळाजी बाजूला जाऊन फोनवर बोलू लागले. तेवढ्यात रांगेतून एक रुंद खांद्यांचा माणूस बाहेर आला. अंगात फुलाफुलांचा शर्ट, कपाळावर काळा चष्मा. पेणकडचा काळूराम, त्याचे दोन ट्रक होते, हे त्याने पुढच्या अर्ध्या मिनिटात सगळ्यांना सांगितलं.

"काय गो आजी, किती वजन तुजं?"

"तुज्या अर्धं."

"मग फळीला काय व्हनार न्हाय. आमी हिच्याहून बारीक फळीवरून मोटारसायकल चढवताव." त्याने फळी पायऱ्यांवर टाकली, मधोमध उभा राहून दोनदा उड्या मारल्या, मग खालच्या टोकाला लाथ मारून पाहिली. फळी चार बोटं सरकली. "हां, ही हितं घसरते बघ." त्याने दारातलं रबरी पायपुसणं ओढून त्या टोकाखाली कोंबलं आणि पुन्हा लाथ मारली. फळी हलली नाही. "आता ये."

मी माझा हिशेब तोवर केला होता. दोन पायऱ्यांची उंची मिळून तीस सेंटिमीटर, फळीची लांबी दोन मीटर चाळीस. म्हणजे आठाला एक चढ, आठ हात पुढे गेलं की एक हात वर. मी सहाला एकपर्यंत चढते. फळी पंचाहत्तर सेंटिमीटर रुंद, मी पंचावन्न. दोन्ही बाजूंना दहा दहा उरतात. कठीण होतं, पण अशक्य नव्हतं. मला माझी चिंता नव्हतीच.

बाळाजी फोन ठेवून आले. "साहेब म्हणतात, दोन माणसं बाजूला धरायला असतील तर न्या. आनि उद्या मिस्त्री पाठवतो म्हनाले, पक्का उतार होतो का बघायला." त्यांनी मोठा श्वास सोडला. "चला आजी. तुमची पहिली."

"पहिली कशी?" धोंडूबाई म्हणाल्या. "रांग कुठं हाय?"

"अहो, रांग नको आता!"

"मघाशी मी उठले, तवाच माझा नंबर गेला. मी मागं लागते." आणि त्यांनी मला वळवून रांगेच्या शेपटाला नेलं.

मित्रांनो, मी आजवर अनेक रांगा पाहिल्या आहेत, पण बाजूने. माणसं मला नेहमी पुढे काढून देतात. त्या दिवशी मी पहिल्यांदा रांगेत उभी राहिले. पुढे एक बाई पोराला केळं भरवत होती, मागे कॉलेजातली तीन मुलं एकमेकांच्या पाठीवर चापट्या मारत होती. रांग पाऊलभर सरकली की धोंडूबाई अंगठा दाबायच्या, मी पाऊलभर सरकायची. केळं खाणाऱ्या पोराने माझा हॉर्न वाजवला. धोंडूबाईंनी त्याला परत वाजवू दिला. मागच्या मुलाने विचारलं, "आजी, मायलेज किती देते?" त्या म्हणाल्या, "तुज्यापरीस जास्त. दिसभर उभी हाय, कुरकुर न्हाय." दहा मिनिटांनी त्या सगळ्या रांगेला खिचडीत हळद कधी घालायची ते सांगत होत्या. बसलेल्या होत्या, तरी कोणाहून मागे नव्हत्या.

आमचा नंबर आला. गुरुजी डावीकडे, काळूराम उजवीकडे, मानसी मागे. बाळाजींनी फळीच्या वरच्या टोकावर स्वतःचा पाय रोवला. धोंडूबाईंनी कळीकडे पाहिलं. अर्धवट पुसलेल्या कासवापासून त्यांनी ती थोडी पुढे सारली, आणि अंगठा दाबला. मोटर खोल आवाजात घुमली. पुढची चाकं फळीवर चढली. फळी मध्यभागी बोटभर वाकली आणि तिथेच थांबली. मी चढले. आठ सेकंद लागले. कमानीखाली पोचल्यावर मागच्या कॉलेजच्या मुलांनी शिट्ट्या मारल्या. काळूराम म्हणाला, "लोडिंग झाली!"

मित्रांनो, आत गेल्यावर काय घडलं ते सांगण्याआधी मला तुमच्याकडे काही मागायचं आहे. ते आताच मागते, कारण शेवटचा शब्द माझा नसेल. आमच्यासारखी यंत्रं वापरली की रात्री चार्ज करा. समुद्राकाठी असाल तर पुसून कोरडी करा. वापर संपला तरी पडवीत नारळाखाली टाकू नका, ज्याला लागेल त्याला द्या. उतार दिसला की त्यावर मोटारसायकल लावू नका. आणि माझ्यावर बसलेल्या माणसाला वाट दाखवायच्या आधी विचारा, तुम्हाला कुठून जायचं आहे? तुम्हाला वाटतं त्याहून ते सोपं आहे. बाळाजी त्या दिवसापासून तसंच विचारतात.

आत लाटांचा तलाव चमकत होता. निकेशने सांगितलं होतं म्हणून मानसीने मला पाण्यापासून दूर, कोरड्या फरशीवर उभं केलं. तिने ओंजळ भरून पाणी आणलं आणि आजीच्या पायांवर ओतलं. मग परत गेली, परत आणलं. गुरुजी शेजारी उकिडवे बसले होते.

धोंडूबाई कमानीकडे बघत होत्या. रांग अजून येत होती. फळी पायऱ्यांवरच होती. काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ त्या फळीवरून चढून आले, त्यांच्या मागून बाळाची गाडी ढकलत एक बाई. बाळाजींनी कोणाला थांबवलं नाही.

बाराला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला. रेंज होती, हे आता सगळ्यांना कळलं. धोंडूबाईंनी मानसीकडे तिरक्या नजरेने पाहिलं. मानसी पाणी आणायला पळाली.

"जय भीम, धोंडूबाई," वेणूबाईंचा आवाज घुमला. "दुपार झाली गो. काय करू? का परत बघूच?"

माझ्या हँडलवर धोंडूबाईंचा डावा हात होता. पहिल्या दिवशी तो आधार शोधत होता. आता तो नुसता ठेवलेला होता.

"वेनूबाई, तिथं तळ्यावर पायऱ्या किती हायत गं?"

"मोजल्या कोनी? हायत बऱ्याच. का?"

"असू दे. येऊन बघते."

"येऊन? म्हंजी चालशील? तुजे गुडघे..."

"चालायची न्हाय. गाडीवर बसून येनार. चार चाकांची हाय, निळी. भाड्यानं मिळते, टेंपोत चढवू."

"आनि तुजा बाप काय म्हनायचा? आपल्या पायानं?"

"बाप म्हनायचा, कुनी उचलून आनलं न्हाय," धोंडूबाई म्हणाल्या. "मला बी कोनी उचलनार न्हाय. मीच चालवनार. तुमच्या पुढं न्हाय, मागं न्हाय, तुमच्या मधी."

गुरुजींनी तोंड फिरवलं आणि तलावाकडे बघत राहिले.

"मग काय लिवू?" वेणूबाईंनी विचारलं.

"लिव. धोंडूबाई भागोजी तांबे. यंदा येनार."